करंट गेला की कान बरा

"करंट गेला की माझा कान बरा होतो," असं मामा म्हणाले तेव्हा आम्ही सगळे हसलो होतो. मामा म्हणजे माझे सासरे. वय ८६. आमचं घर शहापुरातलं, जुनं. खाली हॉल, मागं स्वयंपाकघर, आणि २००९ साली वर चढवलेल्या दोन खोल्या. मामा हॉलमध्येच भिंतीला लागून असलेल्या दिवाणावर झोपतात. जिना चढवत नाही म्हणून, आणि आल्यागेल्याशी दोन शब्द बोलता येतात म्हणूनही.

२०२३ च्या दिवाळीत धाकट्यानं पुण्याहून येताना होम थिएटर आणलं. अज्जांना गाणं नीट ऐकू येत नाही, हे त्याच्या मनाला लागलेलं. मामांचं गाण्याचं वेड जुनं. भीमसेनांचे अभंगही हवेत आणि दासवाणीही, मन्सूरअण्णांची वचनं हवीत, आणि कुमार तर सुळेभावीचे, म्हणजे घरचेच. त्या सेटबरोबर एक काळा चौकोनी वूफर आला, धान्याच्या डब्याएवढा. तो टीव्हीशेजारी मावेना म्हणून कोपऱ्यात जिन्याजवळ ठेवला आणि जिन्याच्या बोर्डात त्याची पिन लावली. दिवाळीभर घरात मैफल चालली.

शिमग्याच्या सुमारास मामांची तक्रार सुरू झाली. मामांचं आजोळ धारवाडचं. त्यांचा हिशेब मराठीत चालतो, पण राग आणि दुखणं कन्नडातच बाहेर पडतं. "गुंय्य अन्नाकत्तैती," म्हणत ते कानाशी हात हलवायचे. दिवसा कमी, रात्री जास्त. आम्ही कान देऊन ऐकलं, काही नाही. फ्रिज असेल म्हणालो. मग यांनी कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी यंत्रावर तपासून आलेख दाखवला: वयोमानाने वरचे स्वर ऐकू येणं कमी झालंय, खालचे अजून चांगले आहेत, आणि असं झालं की कानात असे आवाज येतात. गोळ्या दिल्या. डॉक्टरांचं काही चुकलं नाही, आम्ही जे सांगितलं त्यावरून त्यांनी निदान केलं. त्या आलेखातच खरं उत्तर होतं, पण ते वाचायची अक्कल आम्हाला तेव्हा नव्हती.

एप्रिलमध्ये मामा आठ दिवस निपाणीला वन्संकडे राहून आले. आल्यावर म्हणाले, तिथे कान अगदी शांत होता. हवापालट, आम्ही म्हणालो. मग एका संध्याकाळी वळवाच्या पावसात वीज गेली आणि ते वर सांगितलेलं वाक्य बोलले. त्यावर घरभर हशा पिकला. त्यानंतर मात्र मामांनी तक्रार करणं सोडलं. उशी दिवाणाच्या दुसऱ्या टोकाला नेली, कानावर मफलर बांधून झोपू लागले. गाणं लावू का विचारलं तर "नको" म्हणायचे. वय झालं, आता रस उरला नाही, असं आम्ही आमच्यापुरतं ठरवून टाकलं.

जूनमध्ये मामांना ताप आला. रात्री उठावं लागतं म्हणून मी दिवाणाशेजारी जमिनीवर, भिंतीला लागून पथारी टाकली. दोनच्या सुमाराला जाग आली आणि मला ऐकू आलं. अगदी खालच्या पट्टीतला, न थांबणारा आवाज. ऐकू येण्यापेक्षा छातीत जाणवणारा म्हणा ना. उठून सोफ्यापाशी गेले तर नाहीसा. परत पथारीवर आले, तर आहेच! कोपऱ्यात जाऊन त्या काळ्या डब्यावर हात ठेवला, तो बारीक थरथरत होता. मी पिन उपसली. असली शांतता त्या हॉलमध्ये गेल्या सात महिन्यांत झाली नव्हती.

अंधारातून मामांचा आवाज आला, "करंट गेला काय?"

"नाही मामा. पंखा चालू आहे बघा."

बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "केळिस्तेनु?" तुला ऐकू आलं का? मी हो म्हटलं. त्या रात्री मला पुन्हा झोप लागली नाही. कन्नडात 'केळू' म्हणजे ऐकणं, आणि 'केळू' म्हणजे विचारणंही. मामांची उभी हयात वीज खात्यात तारा ओढण्यात गेली. घरात विजेचा आवाज येत होता, आणि कुणीही त्यांना विचारलं नव्हतं, की मामा, हा कसला आवाज असेल?

सकाळी ओळखीच्या वायरमनला बोलावलं. त्यानं पाच मिनिटांत इलाज केला. वूफरच्या तीन पिनांपैकी वरची जाड पिन, अर्थिंगची, तिची तार आतून सोडवली. आवाज बंद! आम्ही खूश. मामा तापातून उठून बसले. "काय केलंस रे?" त्यानं सांगितलं, आणि मामांचा आवाज असा चढला की शेजारच्या वहिनी दारात आल्या. नोकरीत असताना एका घरी त्यांना जावं लागलं होतं. पाणी तापवायच्या यंत्राला झिणझिण्या येतात म्हणून कुणीतरी तिथलं अर्थिंगच सोडवून ठेवलं होतं. पुढे आत तार सैल होऊन पत्र्याला टेकली आणि त्या घरातली बाई गेली. "आवाज गेला, पण ती पिन आवाजासाठी नसते," एवढंच म्हणून त्यांनी तार परत जोडायला लावली. आवाज परत आला.

मग मामा खुर्चीत बसले आणि मला हाताशी घेतलं. पहिला हुकूम, सगळी बटणं बंद कर, मगच वायरी काढ. चालू असताना उपसलीस तर वूफर धाडकन दणका देईल. अँप्लिफायरकडून वूफरला येणारी गाण्याची वायर काढून वूफर एकटा चालू केला. गप्प. म्हणजे दोष वूफरच्या पोटात नाही, त्या वायरीतून आत येतोय. मामा म्हणाले, मला सुरावरूनच शंका होती. ट्रान्सफॉर्मर गुणगुणतो तो १०० हर्ट्झचा, विजेच्या दुप्पट. उभा जन्म त्याच्याखाली काढलाय, तो सूर मी झोपेतही ओळखीन. हा त्याच्या बरोबर एक सप्तक खाली, ५०चा. म्हणजे ही सरळ लाइनच बोलतेय.

कारण त्यांनी असं समजावलं. आमच्या घराला अर्थिंगचे खड्डे दोन. जुना तुळशीजवळ, कोळसा आणि मीठ घालून मामांनी स्वतः केलेला. उन्हाळ्यात तुळशीबरोबर त्यालाही ते तांब्याभर पाणी घालतात, माती कोरडी पडली की अर्थिंग कमजोर होतं म्हणून. दुसरा खड्डा मागच्या बाजूला, वरच्या खोल्या बांधताना कंत्राटदारानं केलेला. दोघांचा एकमेकांशी संबंध नाही. अँप्लिफायर जुन्या वायरिंगवर, वूफर जिन्याच्या नव्या वायरिंगवर. "दोन विहिरी आहेत, पाण्याची पातळी जरा वेगळी, आणि तू मधे पाइप टाकलास, तर पाणी वाहणारच की." तो पाइप म्हणजे गाण्याच्या वायरीचं बाहेरचं जाळीदार वेष्टण. फक्त हे पाणी सेकंदाला ५० वेळा मागे-पुढे होतं, आणि वूफर त्यालाच गाणं समजून वाजवत बसतो. गाणं थांबलं की आपोआप झोपणारा तो वूफर या गुणगुणीमुळेच रात्रभर जागा राहत होता.

उपाय साधा निघाला. एक चांगला एक्स्टेंशन बोर्ड घेतला, आणि टीव्ही, अँप्लिफायर, वूफर, सेट टॉप बॉक्स सगळं त्या एकाच बोर्डावर आणलं, अर्थिंगसकट. आवाज जवळजवळ गेला. 'जवळजवळ' हा शब्द मामांचा. आम्हाला तर पूर्ण गेल्यासारखा वाटला होता. पण या वेळी आम्ही हसलो नाही. मामा म्हणाले, आता केबलची तार काढ. सेट टॉप बॉक्सच्या मागची ती जाड तार फिरवून सोडवली आणि मामांनी मान डोलावली. ती तार रस्त्यावरच्या खांबांवरून येते आणि कुठल्या तरी तिसऱ्याच ठिकाणचं अर्थिंग घरात घेऊन येते. त्या तारेवर बसवायचा बोटाएवढा आयसोलेटर काही शे रुपयांत मिळाला. चित्र येतं, बाहेरचं अर्थिंग येत नाही. दोन्ही खड्डेही परवान्याच्या वायरमनकडून जाड तारेनं एकमेकांना जोडून घेतले. ते तर बांधकामाच्या वेळीच व्हायला हवं होतं. मामा तेव्हाही बोलले होते म्हणे. यांना आठवत नाही.

आम्हाला तो आवाज का येत नव्हता, ते धाकट्यानं फोनवर सांगितलं. ५० हर्ट्झच्या लहरीची लांबी जवळजवळ सात मीटर, म्हणजे साधारण तेवीस फूट. आमच्या हॉलची रुंदी साडेअकरा फूट, बरोबर निम्मी. अशा खोलीत तो आवाज भिंतींपाशी साचतो आणि मधोमध नाहीसा होतो. सोफा मधोमध, दिवाण भिंतीला. शिवाय मामांच्या कानाचे वरचे स्वर गेलेले. आम्ही पंखा, रिक्षा, कुकरच्या शिट्ट्या ऐकत होतो, त्यांना त्या सगळ्याखालचा तेवढाच ऐकू येत होता. गोळ्या अर्थातच बंद केल्या.

त्या संध्याकाळी मामांनी स्वतःहून कुमार लावायला सांगितले. गाणं सुरू होण्याआधी नुसते तानपुरे वाजत असतात ना, तेवढंच ऐकून म्हणाले, परत लाव. तीनदा लावलं.

दुसऱ्या दिवशी बघते तर त्या एक्स्टेंशन बोर्डावर वहीच्या कागदाची चिठ्ठी डिंकानं चिकटवलेली. थरथरत्या अक्षरात, वर मराठीत 'हे काढू नये' आणि खाली तेच कन्नडात. झाडलोट करणाऱ्या गंगव्वाला मराठी वाचता येत नाही, हे त्यांच्या लक्षात होतं.