मेकाँगचा राजमासा

नऊ फूट लांब देह, वजन तीनशे किलोच्या घरात, आणि तोंडात एकही दात नाही. मागूर-शिवड्यांच्या दूरच्या भाऊबंदांतला हा मासा लहानपणी आपल्याच भावंडांना गिळायला मागेपुढे पाहत नाही. वय वाढलं की दात जातात, मिशा नावापुरत्या उरतात आणि शेवाळावर तो एवढं शरीर पोसतो. डोळे इतके खाली की पोहताना मान खाली घातल्यासारखा वाटतो. थायलंडमध्ये त्याला प्ला बुक म्हणतात, कंबोडियात तो राजमासा.

हा हाडाचा वाटसरू. पावसाळ्यात मेकाँग नदी अशी फुगते की कंबोडियातली तोन्ले साप नदी उलटी वाहू लागते, तिचं सरोवर कित्येक पट पसरतं आणि बुडालेल्या रानात माशांची पिल्लं पोसली जातात. पाणी ओसरलं की हा मेकाँगमध्ये परततो. पावसाच्या तोंडावर अंडी घालायला वरच्या पाण्याकडे निघतो. वाट मोकळी हवी आणि पूर वेळेवर यावा, एवढंच त्याचं मागणं.

उत्तर थायलंडच्या चियांग खोंगला कोळी पूजा करून त्याच्यासाठी जाळं टाकत. १९९० साली तिथे ६९ मासे मिळाले. २००१ ते २००३ या तीन वर्षांत एकही नाही. २००५ मध्ये २९३ किलोचा एक सापडला, पण जगला नाही. मासेमारीचा दोष मोठाच आहे. मात्र जाळ्यातून सुटलेल्यालाही आता भिंत आडवी येते. मेकाँगवरची चीनमधली धरणं पावसात पाणी अडवतात, कोरड्या दिवसांत सोडतात. पुराची वेळच मोडली. २०१९ मध्ये लाओसचं सायाबुरी धरण सुरू झालं. तिथे माशांना चढायला मार्ग ठेवला आहे खरा, पण मला जास्त काळजी खाली येणाऱ्यांची वाटते. अंड्यातून नुकती निघालेली पिल्लं प्रवाहावर वाहत येतात. धरणाच्या संथ पाण्यात त्यांना वाहून नेणारं कोणी नसतं.

थायलंडमध्ये १९८३ पासून राजमाशाची कृत्रिम पैदास होते, म्हणून वंश वाचला असं म्हणतात. मला ते पटत नाही. आपल्या ताटात बासा किंवा पंगेशियस म्हणून येणारा त्याचा चुलतभाऊ तळ्यांत आणि पिंजऱ्यांत अमाप वाढतो, तरी नदीतला तोही धोक्यात आहेच.

डिसेंबर २०२४ मध्ये कंबोडियात पाच दिवसांत सहा राजमासे सापडले. खुणेची पट्टी लावून सगळे सोडून दिले. म्हणजे वाटेवर अजून कोणी आहे. मेकाँगच्या मुख्य प्रवाहावर दहा वर्षं धरण बांधणार नाही, असं कंबोडियाने २०२० मध्ये जाहीर केलं होतं. ती मुदत २०३० ला संपते.