चुकांची वही

स्मरणिकेसाठी लेख मागताना संपादक मंडळाने आम्हांला एकच सूचना केली : नव्या विद्यार्थ्यांना प्रेरणा मिळेल असे काही लिहावे. आम्ही होकार कळवला आणि जवळ जपून ठेवलेल्या शाळेच्या जुन्या स्मरणिका पुन्हा चाळल्या. त्यांत गुणवंतांच्या याद्या आहेत, पदव्या आहेत, नेमणुका आहेत. एका अंकात आमचेही छायाचित्र आहे : विमानतळावर, गळ्यात हार आणि शेजारी आई-वडील. त्यानंतर अनेक वर्षे आम्ही एकाच परीक्षेत पुनःपुन्हा नापास होत होतो. त्याचा उल्लेख मात्र कोणत्याही अंकात नाही, कारण आम्ही तो कधी कळवलाच नाही. ती उणीव आज भरून काढीत आहोत.

आम्ही दोघे एकाच तुकडीचे, वसतिगृहातील एकाच खोलीचे. स्थापत्य अभियांत्रिकीची पदवी आम्ही महाराष्ट्रात घेतली, पुढील शिक्षण अमेरिकेत केले आणि टेक्सास राज्यातील ह्यूस्टन शहरी नोकरीस लागलो. हा लेख दोघांनी मिळून लिहिला आहे. पुढे ‘आमच्यातील एक’ असे शब्द येतील. तो एक कोण, हे आम्ही मुद्दाम सांगत नाही.

प्रथम त्या परीक्षेविषयी. आपल्याकडे अभियांत्रिकीची पदवी हातात आली की मनुष्य अभियंता झाला, असे आपण मानतो. अमेरिकेत पदवी ही पहिली पायरी असते. त्यानंतर मूलभूत विषयांची एक परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते. मग परवानाधारक अभियंत्याच्या हाताखाली काही वर्षे काम आणि ‘प्रोफेशनल इंजिनिअर’ ही दुसरी परीक्षा, असे दोन्ही पूर्ण झाल्यावर राज्याचे मंडळ परवाना देते. परवाना मिळेपर्यंत तुम्ही प्रशिक्षणार्थी. आकडेमोड तुमची, नकाशा तुमचा. पण त्यावर मोहोर उमटते दुसऱ्याची. स्थापत्य शाखेच्या या परीक्षेत ८० प्रश्न आणि ८ तास असतात. निकालात फक्त उत्तीर्ण की अनुत्तीर्ण एवढेच कळते. अनुत्तीर्ण झालेल्याला सोबत विषयवार अहवाल मिळतो. कोणत्या भागात तुम्ही कितपत उणे पडलात, ते त्यात दिलेले असते.

२०१८ च्या एप्रिलमध्ये आम्ही प्रथम या परीक्षेस बसलो. तेव्हा ती कागदावर होत असे, वर्षातून दोनदा, एप्रिल आणि ऑक्टोबरमध्ये. पुस्तके सोबत नेण्यास परवानगी होती. लोक चाकांच्या बॅगा भरभरून पुस्तके आणीत. आमच्याही दोन बॅगा होत्या. त्या ओढीत जाताना वसतिगृहात पहिल्या दिवशी नेलेल्या पत्र्याच्या पेट्या आठवल्या आणि आम्ही हसलो. निकालाला दोन-अडीच महिने लागले. दोघेही नापास. ऑक्टोबरमध्ये पुन्हा बसलो. पुन्हा दोघेही नापास.

पहिल्या वेळी आम्ही कारणे शोधली. कामाचा ताण होता, झोप झाली नव्हती, सराव अपुरा पडला. दुसऱ्या वेळी कारणे संपली आणि लपवाछपवी सुरू झाली. आमच्यातील एकाचे वडील एस.टी.त वाहक होते. रविवारच्या फोनवर जय भीम झाला की ते विचारीत, “निकाल लागला का रे?”

“अजून नाही, बाबा.”

निकाल लागून तेव्हा महिना उलटला होता. पंचशीलातील चौथे शील रोज संध्याकाळी म्हणत आम्ही लहानाचे मोठे झालो. तरी हे खोटे बोलताना जीभ अडखळली नाही, एवढी ती लाज मोठी होती.

त्या लाजेचे मूळ केवळ परीक्षेत नव्हते. आमच्या आजोबा-पणजोबांना शाळेच्या दारातून परत पाठवले गेले, ते त्यांच्या कुठल्या चुकीमुळे नव्हे. त्या इतिहासातून आलेल्या मुलाच्या वाट्याला अपयश एकटे येत नाही. ‘हे तुमचे कामच नव्हे’ हे जुने वाक्य ते सोबत घेऊन येते. ते वाक्य तेथे कुणीही उच्चारले नव्हते. परीक्षकाला आमचे आडनाव ठाऊक नव्हते, गाव ठाऊक नव्हते. त्याच्यापुढे होता तो एक क्रमांक. तरीही प्रत्येक निकालपत्रात आम्ही तेच वाक्य वाचीत होतो. आणि गावाकडे आपले छायाचित्र ज्या भिंतीवर लागले आहे, तिच्याखाली आज कोणी मूल अभ्यासाला बसले असेल, हा विचार तर सहनच होत नसे.

२०१९ च्या एप्रिलमध्ये आम्ही तिसऱ्यांदा बसलो आणि आमच्यातील एक उत्तीर्ण झाला.

त्या दिवशी ‘आम्ही’ हा शब्द प्रथमच जड झाला. उत्तीर्ण झालेल्याने पेढे आणले नाहीत. राहिलेल्याला ते न आणणे अधिक लागले. ऑक्टोबरमध्ये राहिलेला पुन्हा बसला आणि चौथ्यांदा नापास झाला. त्यानंतर त्याने पुस्तके खोक्यात भरून कपाटावर ठेवली. परवान्यावाचून नोकरी चालत होती, पगार मिळत होता, मोहोर दुसऱ्याने उमटवली तरी पूल उभा राहतच होता. मग हा आटापिटा कशासाठी? या प्रश्नाला त्या दिवशी आमच्यापैकी कोणाकडेच उत्तर नव्हते.

ते आम्हांला डिसेंबरच्या सुटीत, अनपेक्षितपणे मिळाले. टेक्सासच्या पूर्व भागात न्यू लंडन नावाचे लहानसे गाव आहे. परवान्याच्या कायद्याचा इतिहास वाचताना त्याचे नाव आले होते, म्हणून प्रवासात वाट वाकडी करून आम्ही तेथे गेलो. १८ मार्च १९३७ रोजी या गावातील शाळेत, शाळा सुटण्याच्या सुमारास, भीषण स्फोट झाला. खर्च वाचावा म्हणून शाळा तेलक्षेत्रातील टाकाऊ वायूच्या नळीला जोडून घेतली होती. वायू गळून इमारतीखालील पोकळीत साचत गेला. त्याला वास नव्हता, त्यामुळे कुणाला पत्ता लागला नाही. सुमारे तीनशे जीव गेले आणि त्यांतील बहुतेक मुले होती. त्याच वर्षी टेक्सासने वायूत उग्र वासाचे द्रव्य मिसळणे सक्तीचे केले. आपल्या स्वयंपाकघरातील सिलिंडरला येणारा वास असाच मुद्दाम मिसळलेला असतो. आणि त्याच वर्षी, याच दुर्घटनेनंतर, टेक्सासमध्ये अभियंत्यांच्या नोंदणीचा आणि परवान्याचा कायदा झाला.

शाळेसमोर रस्त्याच्या मध्यभागी ग्रॅनाइटचा उंच स्मारकस्तंभ आहे. त्याच्यापाशी आम्ही बराच वेळ न बोलता उभे राहिलो. ज्या परीक्षेला आम्ही आमच्या वाटेतील बंद दार समजत होतो, ते दार या मुलांसाठी घातले गेले होते. आमच्या पूर्वजांना अडवणारे दार आणि हे दार यांत मूलभूत फरक होता. पहिले माणसाचा जन्म पाहत असे. दुसरे इतकेच विचारते : तुझ्या आकडेमोडीखाली मुले बसली, तर ती सुखरूप घरी जातील काय? असा प्रश्न विचारण्याचा अधिकार समाजाला आहे. आणि उत्तर ‘अजून नाही’ असे आले, तर तो आमचा अपमान नसून आमच्या तयारीविषयीची माहिती आहे.

परतीच्या वाटेवर आम्हांला शाळेतील गणिताचे सर आठवले. सायंकाळच्या वंदनेनंतर अभ्यासिकेत ते प्रत्येकाला एक वेगळी वही करायला लावीत. तिचे नाव ‘चुकांची वही’. डाव्या पानावर चुकलेले गणित जसेच्या तसे उतरायचे. उजव्या पानावर बरोबर उत्तर लिहिले की सर ते खोडीत. “उत्तर पुस्तकात आहे. तू कारण लिही,” असे ते म्हणत. त्या वयात आम्हांला ती शिक्षा वाटे.

ह्यूस्टनला पोहोचल्यावर खोकी खाली उतरली. निकालासोबत आलेले चारही विषयवार अहवाल काढले. आजवर आम्ही ते एकदाच पाहून मिटवून ठेवले होते. आता एक नवी वही घेऊन दोघेही बसलो. उत्तीर्ण झालेलाही बसला, कारण त्याच्या उत्तीर्ण होण्यातही नशिबाचा भाग किती, हे त्याला पाहायचे होते.

वहीत जे सापडले ते आमच्या भीतीपेक्षा पुष्कळ लहान होते. आमचे सारे शिक्षण मेट्रिक पद्धतीत झालेले, परीक्षा मात्र मुख्यतः फूट-पौंडांत. नाल्यातील प्रवाहासाठी मॅनिंगचे सूत्र वापरतात. मेट्रिक पद्धतीत त्यातील गुणक १ असतो, फुटांच्या पद्धतीत १.४९. घाईत तो विसरला की उत्तर सुमारे दोन-तृतीयांश येते, आणि नेमके तेही उत्तर पर्यायांत मांडलेले असते. दुसरी चूक सवयीची होती. भारतातील गेटसारख्या परीक्षांत चुकीच्या पर्यायाला गुण कापले जातात, म्हणून शंका आली की प्रश्न सोडून देण्याची सवय लागली होती. येथे तसे गुण कापत नाहीत. दर परीक्षेत कोरे सोडलेले प्रश्न म्हणजे आपण होऊन सोडून दिलेले गुण होते. तिसरी चूक वेळेची. एका प्रश्नाला सरासरी ६ मिनिटे मिळतात. आम्ही अवघड प्रश्नाशी हट्टाने वीस मिनिटे झुंजत होतो. ‘हे तुमचे कामच नव्हे’ असे कारण उजव्या पानावर एकदाही लिहावे लागले नाही.

अभ्यासाची रीतही बदलली. पूर्वी आठवडाभर काही नाही आणि रविवारी चौदा तास, असा आमचा प्रकार होता. अंगुत्तरनिकायातील सोण भिक्खूची कथा आपल्या शाळेत प्रत्येकाने ऐकली आहे. चालून चालून पायांतून रक्त येईपर्यंत साधना करूनही हाती काही लागेना, तेव्हा तो संघ सोडून घरी जाण्याच्या विचारात होता. तथागतांनी त्याला वीणेच्या तारांविषयी विचारले. अति ताणलेली तार वाजत नाही, सैल सोडलेलीही वाजत नाही. ही कथा आम्ही वक्तृत्व स्पर्धेत सांगून बक्षीसही मिळवले होते. आचरणात आणली ती आता. रोज पहाटे दीड तास, सुटीच्या दिवशीही दीडच तास.

याच काळात बाबासाहेबांच्या चरित्राकडे आम्ही नव्याने वळलो. त्यांच्या पदव्या आपल्याला तोंडपाठ आहेत. पण १९१७ साली शिष्यवृत्ती संपल्यामुळे लंडनमधील शिक्षण अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले आणि १९२० साली स्वतः पैसे जमवून ते पुन्हा गेले, हे आपण क्वचित सांगतो. १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावरील त्यांचा प्रबंध परीक्षकांनी फेरबदलासाठी परत केला. त्यांनी तो दुरुस्त करून पुन्हा पाठवला आणि त्याच वर्षी त्यांना डी.एस्सी. मिळाली. आमची बरोबरी त्यांच्याशी नाही. पण परत आलेला कागद पुन्हा उघडून टेबलावर ठेवण्याचे धैर्य ही अनुकरणीय गोष्ट आहे, आणि जयंतीच्या भाषणांत ती राहून जाते.

येथे कथा संपली असती तर बरे झाले असते. २०२० च्या एप्रिलची परीक्षा महामारीमुळे रद्द झाली. २०२१ मध्ये राहिलेला पुन्हा बसला आणि वही असूनही पाचव्यांदा नापास झाला. फरक एवढाच, की या वेळी निकाल लागला त्याच रविवारी त्याने फोनवर खरे सांगितले. पलीकडे काही क्षण शांतता होती. मग वडील म्हणाले, “बरं. पुढची केव्हा आहे?” तीन वर्षे ज्या वाक्याच्या भीतीने आम्ही खोटे बोलत होतो, ते हे इतके साधे वाक्य निघाले.

२०२२ पासून ही परीक्षा संगणकावर होऊ लागली. पुस्तकांच्या बॅगा गेल्या. पडद्यावर दिसणारे संदर्भसाहित्य तेवढे उरले. त्याच वर्षाच्या अखेरीस, सहाव्या प्रयत्नात, आमच्यातील दुसराही उत्तीर्ण झाला. त्या दिवशी मात्र पेढे आणले, दोन्ही वेळचे मिळून.

आज एखाद्या वस्तीतील पावसाच्या पाण्याच्या निचऱ्याचा आराखडा आमच्यापुढे येतो तेव्हा मोहोर उमटवण्यापूर्वी आम्ही तो गुणक पुन्हा तपासतो. पहिल्याच प्रयत्नात उत्तीर्ण झालो असतो तर इतक्या वेळा तपासला असता की नाही, याची आम्हांला खात्री नाही.

ज्या विद्यार्थ्यांच्या हाती ही स्मरणिका पडेल, त्यांतील कोणी दहावीत, कोणी स्पर्धा परीक्षेत, कोणी दूरच्या देशात अडखळेल. त्याने आमचे विमानतळावरचे छायाचित्र पाहू नये. त्याने हे पान पाहावे, आलेला निकाल त्याच दिवशी घरी सांगावा आणि मग एक वही घ्यावी. आमची वही आम्ही शाळेच्या ग्रंथालयास देत आहोत. तिची शेवटची काही पाने कोरी आहेत.

सर्व आजी-माजी विद्यार्थ्यांना व गुरुजनांना आम्हां दोघांचा सविनय जय भीम.