दुसरा कॅल्क्युलेटर

हुबळीच्या विद्यानगरात इंजिनिअरिंगच्या परीक्षा जवळ आल्या की स्टेशनरीच्या दुकानांत कॅल्क्युलेटरची मागणी वाढते. पीयूसीची, म्हणजे अकरावी-बारावीची, दोन वर्षं आणि सीईटी ही मुलं कॅल्क्युलेटरशिवाय काढतात. इंजिनिअरिंगला आली की मात्र त्याच्यावाचून त्यांचं पान हलत नाही. माझ्या लेकीच्या वर्गातल्या एका मुलाचा कॅल्क्युलेटर ऐन पेपरात बंद पडला. शेजारच्याचा मागून घेण्याची सोय नव्हती. त्या संध्याकाळी लेक म्हणाली, "आई, मला एक जास्तीचा हवाय."

तिच्याकडे कॅसिओचा ९९१ ईएस प्लस होता. माझ्या कपाटात जुना ९९१ एमएस होता. मीही इथल्या बी.व्ही.बी.त शिकले, आत्ताच्या केएलई टेक्नॉलॉजिकल युनिव्हर्सिटीच्या याच आवारात. आम्ही होतो तेव्हा कॉलेज बेळगावच्या व्हीटीयूखाली होतं. तो एमएस अजून उत्तम चालतो, म्हणून फुकटात काम झालं असं मला वाटलं.

तेवढ्यात माझ्या अमेरिकेतल्या मावसभावाचा फोन आला. त्याच्या मुलाला शाळेत टीआय-८४ लागतो, स्क्रीनवर आलेख काढणारा. "तसला एक पाठवू का? जन्मभर पुरेल," तो म्हणाला. आलेख काढणारा पहिला कॅल्क्युलेटर कॅसिओनेच १९८५ मध्ये बाजारात आणला, आणि तिकडच्या शाळांत अशी यंत्रं रुजून बरीच वर्षं झाली. पण त्यांत प्रोग्राम लिहिता येतात, आणि आमच्याकडे परीक्षेला चालतो तो नॉन-प्रोग्रामेबल सायंटिफिक. आलेख ग्राफ पेपरवर पेन्सिलीने काढायचा. घरी समजून घेण्यापुरता आलेख हवा असेल तर मोबाइलवर जिओजेब्रा किंवा डेसमॉस फुकट आहे. y = x आणि y = cos x या दोन रेषा कुठे छेदतात हे लेकीने तिथेच बघितलं होतं. भावाला नको म्हणून सांगितलं.

मग आम्ही दोघी कॉलेजजवळच्या एका दुकानात गेलो. "याव्दु बेकु री?" कोणता हवा, असं दुकानदाराने कन्नडमध्ये विचारलं आणि काचेवर तीन मांडून ठेवले: ८२ एमएस, ९९१ ईएस प्लस आणि क्लासविझ ९९१ ईएक्स. ८२ एमएसची किंमत ईएसच्या निम्म्याहूनही कमी. क्लासविझ सगळ्यांत वरचढ, चार बाय चारच्या मॅट्रिक्स सोडवणारा. स्क्रीनवर क्यूआर कोडसुद्धा दाखवतो, तो मोबाइलने वाचला की आलेख दिसतो. पण मोबाइल परीक्षेच्या हॉलबाहेर ठेवावा लागतो, तेव्हा त्या कोडचा तिथे काय उपयोग?

मी लेकीला सांगितलं, "प्रत्येकावर रेडियन लाव." गणितात हे काम पदोपदी पडतं. तिने स्वतःच्या ईएसवर न बघता शिफ्ट, मोड, ४ दाबलं. ८२ एमएसवर मोड दोनदा आणि मग २. माझा एमएस पर्समध्ये होता, त्यावर मोड चार वेळा आणि मग २. क्लासविझवर शिफ्ट, मेनू, २, २. एकाच कंपनीची चार यंत्रं आणि चार वाटा. नव्या तीन वाटा तिला मी दाखवल्या. पेपरात घड्याळ पुढे सरकत असताना त्या तिला कोण दाखवणार?

अंशांतच राहून गेलं तर काय होतं, तेही तिथेच करून पाहिलं. १ दाबून बरोबर, मग cos Ans, आणि पुढे नुसतं बरोबर, बरोबर, बरोबर. रेडियनमध्ये आकडे ०.७३९०८५ वर येऊन स्थिरावतात, y = x आणि y = cos x जिथे छेदतात तिथेच. अंशांत मात्र ०.९९९८४७७ येतं. दोन्ही आकडे सारख्याच खात्रीने स्क्रीनवर उभे राहतात. चूक झाली हे यंत्र सांगत नाही.

दुसरी परीक्षा रुंगे-कुट्टाची, म्हणजे विकलक समीकरण टप्प्याटप्प्याने आकड्यांत सोडवण्याच्या पद्धतीची. dy/dx = x + y, सुरुवातीला x शून्य, y एक, h ०.१. ईएसवर समीकरण एकदा लिहून कॅल्कची कळ दाबली की तो x आणि y विचारतो. k1 ०.१, k2 ०.११, k3 ०.११०५, k4 ०.१२१०५ आणि शेवटी y १.११०३. लेकीने हे भराभर काढलं. ८२ एमएसवर कॅल्क नाही, दर वेळी सगळं नव्याने लिहायचं. माझ्या जुन्या एमएसवर कॅल्क आहे आणि उत्तर थेट दशांशात येतं. तिला मात्र अपूर्णांक पाहून एस-डीची कळ दाबायची सवय. ती कळ तिथे शोधत बसली.

शेवटी ९९१ ईएस प्लसच घेतला, पहिल्यासारखा अगदी तोच. दुकानदाराला वाटलं आम्ही क्लासविझ नेणार. पण जास्तीचा कॅल्क्युलेटर पहिल्याहून हुशार असून भागत नाही, बोटांना तो ओळखीचा असावा लागतो. आता ती एक आठवडा हा वापरते, एक आठवडा तो, म्हणजे दोघांच्याही कळा चालत्या राहतात आणि बटन सेल उतरला तर आधीच कळतं. आदल्या रात्री दोन्हींवर cos Ans करून बघायचं, हा नियम. गेटच्या परीक्षेला यातलं काहीच नेता येत नाही. तिथे २०१६ पासून स्क्रीनवरचाच कॅल्क्युलेटर माउसने वापरायचा. त्याचा सराव वेगळा करावा लागेल.

हल्ली कॉलनीतल्या आया मला विचारतात, दुसरा कोणता घेऊ? मी उलट विचारते, पहिला कोणता आहे?