पांढरं रेशनकार्ड

बाबांच्या अँजिओप्लास्टीचे दीड लाख मी नागपुरात, धंतोलीतल्या एका हॉस्पिटलात कार्ड स्वाइप करून भरले. शेजारच्याच टेबलावर महात्मा फुले जनआरोग्य योजनेचा आरोग्यमित्र बसला होता. आई म्हणाली, "विचारून त पाह्य." मी म्हटलं, "आपलं कार्ड पांढरं आहे ना!" खरं तर त्या रांगेत उभं राहायची लाज वाटत होती.

२०२३ च्या शासन निर्णयाने पांढरं कार्डही योजनेत आलंय, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत. डॉक्युमेंटेशन वाचल्याशिवाय मी कोडला हात लावत नाही. इथे भिंतीवरचा बोर्डही वाचला नव्हता.

डिस्चार्जनंतर विचारलं. "दादा, योजना कॅशलेस आहे. भरलेले पैसे परत मिळत नाहीत."

आई काही बोलली नाही. रेशनकार्ड आता माझ्या लॅपटॉपच्या बॅगेत असतं. तिनेच ठेवलंय.