आईला कुठे पाठवू?

मुलांच्या चित्रपटाची पटकथा लिहिताना राक्षस, जादू, शेवटची मारामारी हे सगळं कसंही निभावतं. अडतं ते आई-बाबांपाशी. ते घरात असले की पोरगं रात्री रानात जाऊ शकत नाही आणि गोष्ट दुसऱ्याच सीनला संपते. म्हणून आम्ही त्यांची वाट लावतो. डिस्नेने 'बॅम्बी'त (१९४२) आईला शिकाऱ्याकरवी मारलं. 'फाइंडिंग नीमो'त (२००३) ती सुरुवातीलाच जाते. मियाझाकींनी 'माय नेबर टोटोरो'त (१९८८) तिला इस्पितळात ठेवलं. आपल्या 'किल्ला'तल्या मुलाचे वडीलही आधीच गेलेले. मी तर माहेरी, लग्नांना आणि बाळंतपणांना इतक्या आया पाठवल्यात की एसटीने जादा गाड्या सोडाव्यात.

मोबाइलने तीही सोय घालवली. साताऱ्याला गेलेली आई दर तासाला फोन करणारच. मग रेंज घालवा, चार्जिंग संपवा! हल्ली पटकथेत रेंज गेली की लेखक कुठे अडला होता ते मला लगेच कळतं.

'एलिझाबेथ एकादशी' (२०१४) पाहून मी दोन दिवस चिडचिडा होतो. मधुगंधा कुलकर्णींनी आईला कुठेही पाठवलं नाही. वडील नाहीत, हे खरं. पण आई पंढरपुरातल्या त्याच घरात आहे. तिचं विणकामाचं यंत्र कर्जापायी अडकलंय, आणि ते सोडवायला पोरं यात्रेत बांगड्या विकतात. आईची अडचण हेच पोरांचं साहस! हे मला का सुचलं नाही, याचा हेवा अजून गेलेला नाही.

अ‍ॅनिमेशनमध्ये तर हिशेबच आडवा येतो. पात्र वाढलं की डिझाइन आलं, मॉडेल आलं, रिगिंग आलं. एका निर्मात्याने मला सरळ सांगितलं होतं, "आई काढा, खर्च वाचेल." आता मालिकांमधली पोरं बेवारशी हिंडतात आणि त्याला स्वातंत्र्य म्हणतात. मला तो आळस वाटतो. 'डोरेमॉन'मधली नोबिताची आई सदा ओरडत असते, म्हणून तर त्याच्या पळण्याला मजा आहे.

यंदा हाताखाली एक मुलगी आली. माझ्या ड्राफ्टमधली लग्नाला गेलेली आई तिने न विचारता परत आणली. सीन एवढाच: रात्र. आई पाठमोरी बसून मेथी निवडतेय. मुलगा आवाज न करता कपाटातून टॉर्च काढतो. तो उंबऱ्याशी पोचल्यावर आई मान न वळवता म्हणते, "सेल बदलून घे."

बस. तिला सगळं माहीत आहे, आणि ती त्याला जाऊ देतेय. माझं अर्धं पान एका वाक्यात गेलं. नरेशनला सगळे या जागी हसले, मग गप्प झाले आणि कौतुकाने माझ्याकडे बघू लागले. मी मान डोलावली. नरेशनला दाद घ्यायची मला जुनी खोड आहे. त्या मुलीचं नाव मी चहा आल्यावर सांगितलं, आधी नाही.

आता निर्माता पुन्हा विचारतोय, मेथी निवडणारी आई परवडेल का? परवडवा. दुसऱ्या अंकातला पाठलाग कापा, राक्षसाचं एक डोकं कमी करा, पण आईला घरात ठेवा. ती घरात असताना ज्याला पोराला उंबऱ्याबाहेर काढता येत नाही, त्याने मुलांसाठी लिहू नये.