नाव कोणी ठेवले?
(कांदोळीच्या वाटेवर)

बेळगावाहून चोर्ला घाट उतरू लागले की सत्तरीची दाट झाडी सुरू होते. आमच्या धर्मग्रामातील आम्ही पाचसात मंडळी बार्देशातील कांदोळी गाव पाहावयास निघालो होतो. घाटाखाली चहास थांबलो तेव्हा सोबतचे एक वडीलधारे गृहस्थ म्हणाले, "हा राण्यांचा मुलूख. 1852 साली दीपाजी राणे यांनी पोर्तुगीजांविरुद्ध शस्त्र उचलले ते येथे. 'राण्यांचे बंड' म्हणतात ते हेच." बरोबरच्या एका मुलाने लगेच विचारले, "मग आपण जातो आहोत तेथले पिंटोंचेही बंडच ना? तेथे लढाई कोठे झाली?" प्रश्न साधा होता; पण उत्तर आम्हांपैकी कोणासच चटकन देता आले नाही.

म्हापसा मागे टाकून आम्ही कांदोळीस पोहोचलो. आज तेथे समुद्रकाठच्या पाहुण्यांची वर्दळ फार. तरीही आशामातेच्या ख्रिस्तमंदिराच्या आवारात आल्यावर मन स्थिरावले. तेथेच सावलीत बसून आम्ही त्या मुलास सारी हकीकत सांगितली.

1761 साली पोर्तुगालच्या राजाने फर्मान काढून एतद्देशीय ख्रिस्ती प्रजेस गोऱ्या प्रजेच्या बरोबरीचे हक्क दिले. कागदावर समता आली, व्यवहारात मात्र आली नाही. विद्वान धर्मगुरू असोत वा लष्करातील अंमलदार, वरच्या जागा त्यांना दुर्लभच राहिल्या. फादर कायतान फ्रान्सिस्क कुतो आणि फादर जुझे आंतोनियो गोन्साल्विस हे दोघे गोमंतकीय धर्मगुरू लिस्बनपर्यंत जाऊन आले, पण निराश होऊन परतले. पुढे कांदोळीच्या पिंटो घराण्यातील मंडळी, काही पाद्री आणि काही सैनिक यांची खलबते सुरू झाली. 1787 साली ती फुटली आणि धरपकड झाली. 13 डिसेंबर 1788 रोजी पणजीत पंधरा जणांना देहान्त शासन झाले. अनेक धर्मगुरूंना कैद करून लिस्बनला धाडण्यात आले.

म्हणजे लढाई झालीच नाही. बंदुकीचा एक बारही उडाला नाही. मग याला बंड कसे म्हणावे?

वाचकहो, येथेच नावाची खरी गंमत आहे, आणि दुःखही आहे. गुप्तपणे मसलत होते तो कट. शस्त्र उचलले की ते बंड. रयत सर्वत्र उठली तर उठाव. राज्यव्यवस्थाच पालटली तर क्रांती. शब्दांची ही उतरंड सोपी वाटते. पण कोणता प्रसंग कोणत्या पायरीवर बसवावयाचा, हे बहुधा दप्तर ज्याच्या हाती असते तोच ठरवितो. 1857 सालच्या प्रसंगास इंग्रजांनी 'शिपायांचे बंड' म्हटले. सावरकरांनी 1909 च्या आपल्या ग्रंथात त्यालाच स्वातंत्र्यसमर म्हटले.

पिंटोंच्या बाबतीतही तसेच घडले. पोर्तुगीज सरकारचे गोव्यातील चिटणीस राहिलेले कुन्य रिव्हारा यांनी 1875 साली या प्रकरणावर पुस्तक लिहिले, त्याच्या मथळ्यात 'कंजुरासांव', म्हणजे कट, हा शब्द घातला. तेच पुस्तक 1996 साली इंग्रजीत आले तेव्हा मथळ्यात कटाच्या जागी 'उठाव' हा शब्द आला. मजकूर तोच, माणसे तीच, प्रेतेही तीच. मधल्या काळात गोवा मात्र 1961 साली मुक्त झाला होता. आणि 'पिंटोंचा' हे तरी कितपत खरे? ज्या दोन धर्मगुरूंची नावे अग्रभागी येतात त्यांपैकी एकही पिंटो नव्हता.

सायंकाळी बेतीहून फेरीबोटीने आम्ही मांडवी ओलांडली. पणजीस जुन्या सचिवालयाजवळ आबे फारियांचा पुतळा आहे. तेही 1756 साली कांदोळीतच जन्मले होते. पुढे टपाल कचेरीसमोरील चौकात आम्ही थांबलो. त्या पंधरा जणांना याच परिसरात फाशी दिले, असे लोक सांगतात. वाहने ये-जा करीत होती. कोणी थांबत नव्हते.

तेथे तो मुलगा म्हणाला, "मग आपण त्याला काय म्हणायचे?"

वडीलधारे गृहस्थ जरा विचार करून म्हणाले, "बाळ, कट म्हटले तर न्यायाधीशाचा निवाडा आपण डोळे मिटून मान्य केला असे होते. उठाव म्हटले तर जे त्यांना करावयास मिळालेच नाही, ते आपण त्यांच्या पदरी बांधतो. म्हणून नाव कोणतेही घे. पण त्यांचे मागणे काय होते, ते आधी सांग. आपल्याच भूमीत बरोबरीची जागा, एवढेच त्यांचे गाऱ्हाणे होते."

आम्ही सर्वांनी टोप्या काढल्या आणि त्या पंधरा आत्म्यांसाठी मनोमन प्रार्थना केली. परतीच्या वाटेवर सत्तरी पुन्हा लागली तेव्हा अंधार पडला होता. त्या झाडीतील लोकांचे मागणे काय होते, हे आता त्या मुलाने विचारले. घाट चढून होईपर्यंत तेच बोलणे चालू राहिले.