40 मायक्रॉन की 60

कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात बोरिंगला ब्लॉक टाकला की मिस्त्री आधी विचारतात, "किती ठेवू?" म्हणजे बोअर आणि पिस्टनमधली फट, क्लिअरन्स. रोजच्या गाडीचा असेल तर तेवढंही विचारत नाहीत, त्यांच्या हाताला ते माप पाठ आहे. रेसचा ब्लॉक असला की मी तोंडी आकडा सांगत नाही. पिस्टन सोबत नेतो आणि तिथंच सोडून येतो. त्याच पिस्टनला मापून बोअर मारायचा, दुसऱ्या नाही.

माझ्याकडं येणारी इंजिनं बहुतेक यामाहा आरएक्स 100 ची. ही गाडी 1985 ला आली, 1996 ला बंद झाली, पण मातीच्या ट्रॅकवर पळवणारी पोरं तिला अजून सोडायला तयार नाहीत. बोअर 50, स्ट्रोक 50, आणि 98 सीसी. अस्सल पिस्टन आता हुडकावे लागतात. बाजारातली दोन पाकिटं फोडा, शिक्का एकच असतो, पण मायक्रोमीटर दोघांचं माप वेगळं दाखवतो. त्यामुळं शिक्क्यावर माझा विश्वास नाही.

पिस्टन गोल नसतो, हे नव्या पोरांना पटता पटत नाही. पिनच्या बाजूला तो किंचित चपटा असतो, आणि डोक्याकडं स्कर्टपेक्षा बारीक, कारण आग डोक्यावर, फुगणार तेच जास्त. म्हणून माप घ्यायचं ते स्कर्टवर, पिनला काटकोनात, कंपनीनं सांगितलेल्या उंचीवर. आणि मुठीत धरून तर मुळीच नाही. अ‍ॅल्युमिनियमचा 50 मिलिमीटरचा पिस्टन 10 अंशांनी तापला की साधारण 10 मायक्रॉन वाढतो. आपली सगळी झटापट 50 मायक्रॉनसाठी, त्यातला पाचवा हिस्सा तळहातानंच खाल्ला म्हणायचा. मी ब्लॉक, पिस्टन आणि मापाची हत्यारं रात्रभर एकाच टेबलावर ठेवतो, सकाळी गार असताना मापतो. मे महिन्यात भर दुपारी पत्र्याच्या शेडमध्ये कुणी माप घ्यायला आला तर त्याला चहा पाजतो आणि उद्या सकाळी ये म्हणतो.

माप घेताना आणखी एक करतो. मायक्रोमीटर पिस्टनवर लावून लॉक करायचा आणि बोअर गेजचा शून्य त्याच मायक्रोमीटरमध्ये लावायचा. मग गेज बोअरमध्ये सोडला की काटा थेट क्लिअरन्सच दाखवतो. हत्यार थोडं खोटं बोलत असलं तरी दोन्हीकडं सारखंच बोलतं. वर, मध्ये, खाली, आणि प्रत्येक ठिकाणी आडवं-उभं मापायचं. पोर्टच्या खिडकीवर काटा उडी मारतो, ते माप धरायचं नाही.

आता आकडा. साध्या कास्ट पिस्टनला रोजच्या वापरात 40 मायक्रॉन पुरतात. रेसला मी 50 च्या वरच जातो, उन्हाळ्यातली लांब हीट असेल तर 60. फोर्ज्ड पिस्टन जास्त फुगतो, त्याला सोबत आलेल्या कागदावरचा आकडा, वर हवेवर गार होणाऱ्या इंजिनासाठी थोडी भर. घट्ट बसवलं म्हणजे काम चोख, असं समजणारे पुष्कळ आहेत. मला ते पटत नाही. सैल पिस्टन वाजतो. घट्ट पिस्टन पहिल्या दोन फेऱ्यांत छान पळतो आणि मग पकडतो.

मागच्या पावसाळ्यात एक पोरगा दुसरीकडं बांधलेलं इंजिन घेऊन आला. सरळ रस्त्यावर मागचं चाक जाम झालं होतं. ब्लॉक उतरवला तर पिस्टनवर पिनच्या दोन्ही अंगांना मिळून चार जागी ओरखडे, उभे, जवळजवळ सारख्या लांबीचे. एक्झॉस्टच्या एकाच बाजूला खरवडलं असतं तर मी आधी तेल आणि जेट बघितलं असतं. चार कोपऱ्यांवर धरलं म्हणजे पिस्टन फुगला आणि बिडाच्या बोअरला तेवढ्या वेगानं वाढता आलं नाही. एक तर क्लिअरन्स कमी, नाही तर गार इंजिन एकदम पिळलं. बोअरला चिकटलेलं अ‍ॅल्युमिनियम काढून गेज लावला. न घासलेल्या जागी 30 सुद्धा भरेनात. त्याला पुढचा ओव्हरसाइज पिस्टन घातला आणि 55 ठेवले.

रिंगचं गणित आणखी सरळ आहे. 50 च्या बोअरचा घेर 157 मिलिमीटर. रिंग बोअरपेक्षा 100 अंश जास्त तापली तर तिचा गॅप 170 मायक्रॉननं मिटतो. म्हणून मी पाव मिलिमीटरच्या आसपास ठेवतो. रिंग बोअरमध्ये टाकायची, पिस्टननंच ढकलून सरळ करायची, पोर्टपासून लांब, मग फिलर गेज. गॅप कमी भरला तर बारीक कानस व्हाइसमध्ये आडवी पकडायची आणि रिंग तिच्यावर फिरवायची, घासताना ओढ बाहेरून आत, म्हणजे तोंडाची कड उडत नाही. टू-स्ट्रोकच्या रिंगला खोबणीतल्या छोट्या पिनसाठी खाच असते, तिला धक्का लावायचा नाही. शेवटी ऑइल स्टोनचा एक हलका हात. टोकं एकमेकांना भिडली तर रिंग मोडते आणि तुकडे पोर्टमधून बाहेर जातात, जाताना बोअर फाडूनच. उलट गॅप दोन-चार शतांश मिलिमीटर जास्त राहिला तर 9-10 हजार आरपीएमला गॅस निसटायला वेळच कुठं असतो?

इंजिन चालू केल्यावर पोरगा म्हणाला, "मामा, वाजतंय की हे!" मी म्हटलं, वाजू दे, हाताला फिन गरम लागेपर्यंत रेस करू नकोस. सरावानंतर ब्लॉक परत उतरवला. स्कर्टवर एक्झॉस्टच्या बाजूला हलकी चकाकी होती, कोपरे कोरे, रिंगांचा घेर सगळीकडनं सारखा लागलेला. नवीन गॅसकेट घालून ब्लॉक चढवला आणि रविवारच्या हीटला गाडी तशीच पाठवली.